सुट्टीच्या प्रतिज्ञापत्रावर सही का केली नाही

प्रति,
अध्यक्ष व कार्यकारी समिती सदस्य,
पालक-शिक्षक संघ, नागपूर.

विषय : 'व्हिडिओ गेममुक्त सुट्टी' प्रतिज्ञापत्राबाबत.

सप्रेम नमस्कार,

निकालाच्या दिवशी प्रगतिपुस्तकासोबत एक छापील कागद हातात आला. 'मी माझ्या पाल्यास उन्हाळी सुट्टीत कोणताही व्हिडिओ गेम खेळू देणार नाही', आणि खाली आई, वडील, विद्यार्थी अशा तीन सह्यांच्या रेघा. माझा मुलगा सातवी झाला, मुलगी चौथी. दोघांचेही कागद मी कोरेच परत दिले. बाईंनी कारण विचारलं, पण मागे पालकांची रांग होती आणि कारण रांगेत सांगण्याएवढं छोटं नव्हतं. बाईंना दोष नाही, त्यांना वरून आलेला कागद गोळा करायचा होता. म्हणून समितीला लिहिते आहे, आणि उघड लिहिते आहे, कारण दुसऱ्या शाळांत शिकणाऱ्या मुलांच्या आयांनीही मला असेच कागद दाखवले. शाळेचं नाव मुद्दाम घातलेलं नाही.

माझी ओळख एवढीच की मी आयटीआयमध्ये शिल्प निदेशक आहे, वीजतंत्री ट्रेडला. पुस्तकाला हात लावायला कंटाळणाऱ्या, पण पकड-पेचकस दिला की तासन्‌तास उभं राहणाऱ्या मुलांना शिकवणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे माणूस शिकतो कसा, याबद्दल माझी काही मतं बनलेली आहेत आणि ती मी सहज सोडत नाही.

समितीच्या काळज्या खोट्या नाहीत. रात्री दोन वाजता पांघरुणात उजेड दिसणारी मुलं आमच्या गल्लीतही आहेत. आईच्या फोनवरून बंदुकीचे रंग आणि पात्रांचे कपडे विकत घेतलेलं पोट्टं आमच्या ओळखीत आहे. पैसे लावून खेळायचे गेम तर सरळ जुगारच. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून ते बंद केले, चांगलं झालं. (त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमना, मान्यता दिली, हे मात्र आपल्या कागदात कुठे आलं नाही.) जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आपल्या आजारांच्या वर्गीकरणात जागा दिली, ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. पण त्यातली लक्षणं नीट वाचावीत. खेळण्यावर ताबा उरत नाही, बाकी सगळ्या गोष्टी खेळापुढे मागे पडतात, नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं, आणि हे साधारणपणे वर्षभर दिसतं, तेव्हा डॉक्टर त्याला विकार म्हणतात. जेवायला हाक मारल्यावर 'दोन मिनिटं' म्हणणारा प्रत्येक मुलगा त्यात बसत नाही. तसं बसवायचं झालं तर मालिका बघणारे आमचे सासरे आधी बसतील.

आता बंदीचं. बंदीचा इतिहास मुलांना आपल्यापेक्षा चांगला पाठ आहे. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाईल बंद झाला, पोट्टे फ्री फायरवर गेले. जुलै २०२१ मध्ये पबजीच बीजीएमआय हे नाव घेऊन परत आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर बंद झाला, फ्री फायर मॅक्स चालूच राहिला. जुलै २०२२ मध्ये बीजीएमआय हटवला गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. सरकारची कारणं वेगळी होती, देशाची सुरक्षा, लोकांची माहिती बाहेर जाणं वगैरे. मुलांनी त्यातून काढलेला धडा मात्र एकच: एक दार लागलं की दुसरं शोधायचं. सरकारी आदेशाला वळसा घालणाऱ्या पोरांपुढे आपला तीन रेघांचा कागद काय टिकणार?

पण न टिकणं ही त्या कागदाची मोठी अडचण नाही. मोठी अडचण अशी की तो टिकला, पालकांनी खरंच पाळला, तर मुलाच्या शेजारी बसून खेळणारे आईबापही त्यातच बंद होतात. चोरून खेळणारा चोरून खेळतच राहील. फक्त त्याच्याजवळ मोठं माणूस असण्याची शक्यता संपेल. गेममधून मूल काही शिकतं ते बहुतेक त्या शेजारी बसलेल्या माणसामुळे, असं माझं म्हणणं आहे. गेम एकटा फार थोडं शिकवतो. हे मी दोन्ही बाजूंना ऐकवते, गेम म्हणजे विष म्हणणाऱ्यांना आणि 'आजकाल गेममधूनच मुलं हुशार होतात' म्हणणाऱ्यांनाही.

नुसतं म्हणून चालणार नाही, म्हणून एक उदाहरण सविस्तर देते.

आमच्या घरी माइनक्राफ्ट खेळला जातो. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: स्वीडनमध्ये तयार झालेला, २०११ मध्ये पूर्ण रूपात आलेला गेम. सगळं जग घन आकाराच्या ठोकळ्यांचं, एक ठोकळा म्हणजे एक घनमीटर. खोदायचं, जमवायचं, बांधायचं. त्यात रेडस्टोन नावाची लाल भुकटी मिळते. ती जमिनीवर ओळीने टाकली की तारेसारखी चालते. एका टोकाला लिव्हर, दुसऱ्या टोकाला दिवा. लिव्हर ओढला की दिवा लागतो.

माझ्या मुलाने त्यात दुमजली घर बांधलं आणि जिन्याला दिवा लावायचं ठरवलं. खालूनही लागला पाहिजे, वरूनही विझला पाहिजे. त्याने खाली एक लिव्हर बसवला, वर एक, आणि दोन्हीकडून लाल वाट दिव्यापर्यंत नेली. दिवा लागला. विझेना. खालचा लिव्हर बंद केला तरी वरचा चालू, त्यामुळे दिवा तसाच. "आई, हा पागल झाला," असं त्याने दिव्याबद्दल सांगितलं.

वीजतंत्री ट्रेडच्या पोरांना आम्ही पहिल्याच वर्षी जिन्याची वायरिंग शिकवतो. दोन टू-वे स्विच, त्यांच्यामध्ये दोन तारा. मी त्याला उत्तर सांगितलं नाही. वहीच्या मागच्या पानावर चार ओळी लिहायला लावल्या. दोन्ही खाली, पहिला वर, दुसरा वर, दोन्ही वर. प्रत्येक ओळीपुढे दिवा कसा हवा ते त्याने स्वतः भरलं. मग त्याच्या लक्षात आलं की दोन्ही लिव्हर सारखे असले तर दिवा बंद आणि वेगळे असले तर चालू असं काहीतरी हवं. कॉम्प्युटरवाल्यांकडे याला 'एक्सॉर' म्हणतात, आमच्याकडे जिना म्हणतात. गेममध्ये ते करायला रेडस्टोनच्या टॉर्च वापराव्या लागतात. टॉर्च ज्या ठोकळ्यावर लावली आहे त्यात वीज आली की टॉर्च विझते, गेली की लागते. म्हणजे उलटं करणारं यंत्र. अशी काही उलटी यंत्रं एकमेकांना जोडून त्याने जिना जमवला. त्यात एक दुपार गेली. बाहेर पारा पंचेचाळिसाच्या पुढे होता, त्यामुळे दुपारीला दुसरीकडे कुठे जायचं नव्हतंच.

पण खरी गंमत नंतर झाली. आमच्या घराच्या खऱ्या जिन्यातही तसंच दोन ठिकाणी बटण आहे. मेन स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करून मी तो बोर्ड उघडला आणि त्याला दाखवलं. स्विचला दोन नाही, तीन टोकं. एक सामाईक, बाकीची दोन वरच्या स्विचकडे जाणारी. त्याने ते पटकन ओळखलं. मग दिव्याच्या होल्डरकडे बघून म्हणाला, "मग ही काळी वायर कायले पाहिजे?"

ती काळी वायर म्हणजे न्यूट्रल, वीज परत नेणारी. गेममध्ये न्यूट्रल नसतो. भुकटीची एक वाट दिव्यापर्यंत गेली की दिवा लागतो. खऱ्या विजेला परत जायला वाट लागते, वर्तुळ पूर्ण झाल्याशिवाय काही चालत नाही. गेमने हे त्याला कधीच सांगितलं नसतं. उलट, तारेचं एक टोक जोडलं की झालं, ही चुकीची समजूत त्याच्या डोक्यात पक्की केली असती. माझ्या वर्गात दरवर्षी अशी समजूत घेऊन येणारी मुलं असतात, आणि त्यांनी माइनक्राफ्ट खेळलेला नसतो. ती चूक सापडली कारण गेम आणि आमचा जिना यांच्यामध्ये कोणीतरी उभं होतं.

त्याच लाल भुकटीचं आणखी एक. लिव्हरपासून निघालेला सिग्नल पंधराच्या जोराचा असतो आणि दर ठोकळ्याला एकाने उतरतो. पंधरा ठोकळ्यांच्या पुढे तो जात नाही. पुढे न्यायचा तर मध्ये रिपीटर बसवावा लागतो. मुलाला हा गेमचा उगाच केलेला छळ वाटला. तेव्हा त्याला काटोलची आठवण करून दिली. माझ्या माहेरी संत्र्याची बाग आहे आणि शेत फीडरच्या, म्हणजे उपकेंद्रातून येणाऱ्या वीजवाहिनीच्या, अगदी शेवटच्या टोकाला. ओलिताच्या दिवसांत सगळ्यांचे पंप एकदम सुरू झाले की आमच्याकडे मोटर नुसती गुंगुं करते, पाणी उचलत नाही, आणि तशीच चालू ठेवली तर वाइंडिंग जळतं. तारेची लांबी, तिचा रोध, तिच्यातून जाणारा भार, यांनी व्होल्टेज पडतं. गेममधला 'एकेक कमी' हा कोणीतरी ठरवलेला नियम आहे आणि शेतातलं पडणारं व्होल्टेज हा निसर्गाचा, हा फरक मी त्याला सांगितलाच. त्यावर त्याचा प्रश्न आला, "मग मामाच्या इथे रिपीटर काऊन नाही बसवत?" ट्रान्सफॉर्मर, जाड तार, कपॅसिटर, जवळ आणलेलं उपकेंद्र असं बोलणं जेवणापर्यंत चाललं. सातवीच्या मुलाशी विजेवर इतका वेळ बोलण्याचा दुसरा मार्ग मला माहीत नाही, आणि माझं तर पोट त्यावर चालतं.

आयटीआयच्या पोरांची एक अडचण मी वर्षानुवर्षं बघते आहे. चूक होईल, फ्यूज उडेल, सगळे हसतील या भीतीने हात पुढे येत नाही. म्हणून आम्ही नवीन जोडणी आधी सीरिज टेस्ट लॅम्पवर, म्हणजे जोडणीच्या ओळीतच बसवलेल्या एका दिव्यावर, तपासायला लावतो. जोडणीत शॉर्ट असेल तर तो दिवा भकभकून लागतो, पण फ्यूज उडत नाही. चांगला गेम मुलासाठी तेच काम करतो. चूक दिसते, आणि कोणाचं काही जळत नाही.

घुमटाचीही गोष्ट सांगते, कारण समितीत गणिताचे दोन सर आहेत. धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतर, गर्दी ओसरल्यावर, आम्ही दीक्षाभूमीला गेलो होतो. घरी आल्यावर मुलाने ठोकळ्यांचा स्तूप करायला घेतला. चौकोनी ठोकळ्यांतून गोल काढायचा. त्याने तळाशी २० ठोकळ्यांच्या त्रिज्येचं वर्तुळ आखलं आणि वर जाताना प्रत्येक थराला त्रिज्या एकाने कमी करत गेला. तयार झाला शंकू. समोसा झाला, असं माझ्या मुलीने जाहीर केलं आणि दोघांचं भांडण झालं.

मग आलेखाचा कागद घेऊन बसलो. अर्धगोलाची त्रिज्या २०. बारा ठोकळे वर गेलो तर तिथल्या वर्तुळाची त्रिज्या किती? मध्यबिंदूपासून वर १२, तिथून आडवं काहीतरी, आणि तिरकं अंतर नेहमी २०. काटकोन त्रिकोण दिसला की पुढचं सातवीतलंच आहे. ४०० वजा १४४, उरले २५६, म्हणजे १६. सोळा ठोकळे वर गेलं की तीच त्रिज्या १२. बाकीच्या थरांची वर्गमुळं पूर्णांकांत येत नाहीत, तिथे जवळचा अंक धरायचा. पहिल्या थराला त्रिज्या जवळपास वीसच राहते, एकोणिसाव्याला सहाच्या थोडी वर येते आणि विसाव्याला एकदम शून्य. घुमट खाली भिंतीसारखा उभा आणि माथ्यावर सपाट का दिसतो, हे त्या आकड्यांच्या रकान्यात त्याला दिसलं. पायथागोरसचा सिद्धांत त्याच्या परीक्षेत येऊन गेला होता, गुणही मिळाले होते. पण तो कशाला लागतो हे त्याला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. सरांनी सांगितलंही असेल, तेव्हा गरज नव्हती, आत गेलं नाही. आणि १४ ऑक्टोबर १९५६ला त्या जागी काय झालं, बाबासाहेबांनी नागपूरच का निवडलं, हे प्रश्न स्तूप बांधता बांधताच निघाले. त्यांची उत्तरं द्यायला आम्हाला आजोबांना बोलवावं लागलं.

मुलगी लहान आहे, तिला हे ठोकळे आवडत नाहीत. ती माझ्यासोबत मिनी मेट्रो खेळते. कागदावरच्या नकाशासारखा साधा गेम: गोल, त्रिकोण, चौकोन अशी स्टेशनं उगवत जातात, त्याच आकारांचे प्रवासी येतात, आपण रेघा ओढून गाड्या चालवायच्या. एका स्टेशनावर फार गर्दी साचली की खेळ संपला. एका रविवारी आम्ही खऱ्या मेट्रोने लोकमान्य नगरहून निघालो आणि सीताबर्डीला गाडी बदलली. तिने ऑरेंज आणि अ‍ॅक्वा या दोन्ही लाइनींचा नकाशा बघितला आणि म्हणाली, "आई, इथे सगळे एकाच ठिकाणी उतरून राहिले. हे स्टेशन भरून जाईल ना." चौथीतल्या मुलीने शहराच्या नकाशाकडे अशा नजरेने बघावं, यापेक्षा जास्त मला त्या गेमकडून काही नको.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र लिहायला बसले ती. आमच्या घरी गेम शिकवणारी मुलं आहेत आणि शिकणारी मी. मला नीट चालताही येत नव्हतं. लाव्हात पडायचे, जमवलेलं सगळं जळून जायचं. मुलाने पहिल्यांदा सांगितलं, "कडेला जाताना शिफ्ट दाबून ठेव, मग पडत नाही." एवढंच. मी पुन्हा पडले. तो हसला, पण माझ्या हातातून माउस घेतला नाही. बाजूला बसून राहिला आणि म्हणाला, "आता कुठं चुकली ते तूच सांग." हे वाक्य मी आयटीआयमध्ये वापरते. त्याने ते माझ्याकडून ऐकलं असेल की आपणहून आलं असेल, देव जाणे. पण ज्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात 'वर्गात सहभाग कमी' असा शेरा आहे, तो मुलगा मोठ्या बाईला न चिडता, न हिणवता, एका वेळी एकच गोष्ट सांगून शिकवतो. शेरा खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो मुलगा वर्गात जे दाखवत नाही ते घरी दाखवतो, आणि ते बघायला तिथे कोणी बसलेलं असावं लागतं.

आईबापांना मुलांसमोर काही न येणारं असण्याची सवय नसते. आपल्याकडे तर मुळीच नाही. बाप म्हटला की त्याला सगळं यायला पाहिजे. गेममध्ये सगळ्यांसमोर उघडं पडायला होतं. बरेच बाप यामुळेच खेळायला बसत नाहीत, वेळ नाही हे नंतर सुचलेलं कारण, असा माझा संशय आहे. माझ्या नवऱ्याने हे वाचून काही म्हटलं नाही, यावरून काय ते समजा.

वेळेचं कारण खरंही असतं, हे मला कळतं. दोन पाळ्यांत काम करणारी, रात्री घरी येऊन भाकरी टाकणारी आई तासभर गेम खेळत बसणार नाही. तिने तासभर बसावं असं मी म्हणतही नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास शेजारी बसून 'हे काय आहे रे, हा कोण, हा काऊन मेला' एवढं विचारलं तरी मूल काय खेळतं, कोणाशी बोलतं, कशाला पैसे मागतं हे कळतं. आपलं कागदी प्रतिज्ञापत्र यातलं काही कळू देत नाही.

'बाहेर खेळायला पाठवा' ही सूचना कागदाच्या मागच्या बाजूला आहे. जरूर. सकाळी सहा ते साडेआठ माझी मुलं अंबाझरीकडच्या मैदानावर असतात आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर पुन्हा. पण मे महिन्यातल्या नागपूरच्या दुपारचं काय? बाकी महाराष्ट्राच्या शाळा उघडतात तेव्हाही आपल्याकडच्या उन्हामुळे बंदच असतात. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा मूल कूलरसमोर घरातच असणार. त्या सात तासांत काय करायचं, याचं उत्तर कागदाने द्यायला हवं होतं.

आणि हे बुद्धिबळाचं शहर आहे. २०२५ च्या जुलैमध्ये आपल्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टर झाली, तेव्हा आपल्या शाळेच्या फलकावरही अभिनंदन झळकलं. त्याआधी रौनक साधवानी, संकल्प गुप्ता हे इथलेच ग्रँडमास्टर. आजची बुद्धिबळाची मुलं सरावाचा मोठा भाग पडद्यावर करतात. म्हणजे पडद्यावर तासन्‌तास खेळणं आपल्याला चालतं, खेळ ओळखीचा असला की झालं. मला माइनक्राफ्टला बुद्धिबळाच्या रांगेत बसवायचं नाही. मुलाच्या हातातला खेळ कोणता आहे हे न बघताच सही मागू नये, एवढंच.

संशोधनाचं म्हणाल तर त्यावर फार भार टाकायला मी तयार नाही. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात सारा कॉइन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ११ ते १६ वयाच्या मुलामुलींचा अभ्यास केला. आईवडिलांसोबत वयाला साजेसे गेम खेळणाऱ्या मुलींचं वागणं आणि घराशी असलेला जिव्हाळा चांगला आढळला. मुलग्यांमध्ये तसं दिसलं नाही. शिवाय ज्या घरात आधीच जिव्हाळा आहे तिथेच आईबाप खेळायला बसत असतील, हेही शक्य आहे. तेव्हा हा पुरावा म्हणून नको. पण व्याख्यानाला येणारे समुपदेशक दरवर्षी फक्त धोक्याची संशोधनं सांगतात, म्हणून ही बाजूही कानावर घातली.

कोणते गेम नकोत, यात माझं मत समितीपेक्षा कडकच असेल. प्रौढांसाठी असं स्पष्ट लिहिलेले गेम चौथी-पाचवीतली मुलं खेळतात आणि वाढदिवसाला त्यांचे केक कापतात, तेव्हा केक आपणच मागवलेला असतो. पाकिटात काय निघेल ते न सांगता पैसे घेणाऱ्या बक्षीसपेट्यांना बेल्जियमने २०१८ मध्येच जुगार ठरवलं. माझ्या फोनवर गेमसाठी पैसे देण्याची सोय बंद केलेली आहे आणि अनोळखी माणसांशी बोलण्याचीही. शाळेने पालकांकडून सही घ्यायचीच असेल तर या दोन गोष्टींवर घ्यावी. मी पहिली करते.

खर्चाचाही प्रश्न येईल. माइनक्राफ्ट विकत घ्यावा लागतो आणि सगळ्यांना परवडत नाही. लुआंटी नावाचा तसाच ठोकळ्यांचा मंच फुकट मिळतो. आधी त्याचं नाव माइनटेस्ट होतं, २०२४ मध्ये बदललं. तो जुन्या संगणकावरही चालतो, आणि आपल्या शाळेच्या संगणक खोलीत जुन्या संगणकांना तोटा नाही.

तेव्हा माझी मागणी अशी. शाळा उघडल्यावर जुलैमधल्या एका शनिवारी संगणक खोली पालकांसाठी उघडावी. प्रत्येक यंत्रावर एक मूल आणि त्याच्या घरचं एक मोठं माणूस, आई, बाप, आजी, कोणीही. मुलाने शिकवायचं, मोठ्याने शिकायचं, आणि माउस मोठ्याच्या हातात. शिक्षकांनी फिरून बघावं, बोलू नये. समुपदेशकांचं व्याख्यान त्याच दिवशी ठेवा, पण खेळून झाल्यावर, म्हणजे प्रश्न तरी विचारता येतील. एक विनंती अगदी हात जोडून: याला गुण देऊ नका, क्रमांक काढू नका, 'माझा आवडता गेम' यावर चार्ट पेपर मागवू नका. आपण ज्या गोष्टीचा प्रकल्प करतो ती गोष्ट आईलाच रात्री बसून करावी लागते.

पहिल्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा. लुआंटी बसवायचं काम मी करून देईन, वीस यंत्रं असतील तर एक सकाळ पुरेल. संगणक खोलीची किल्ली तेवढी आधी कार्यालयातून मिळवून ठेवा, आणि खिडकीजवळच्या रांगेतल्या बोर्डाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात असं माझा मुलगा सांगतो. तिथली अर्थिंग तपासेपर्यंत त्या रांगेत कोणाला बसवू नका. मी येईन तेव्हा मेगर, म्हणजे वीजगळती तपासायचं यंत्र, घेऊनच येईन.

आपली,
दोन विद्यार्थ्यांची आई
प्रतापनगर, नागपूर